पाण्याचा ग्लास

मारिसेल म्हणते, "पाय जमिनीवर टेका.
जमीन तुम्हाला धरून आहे, ते जाणवू द्या."
दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही नऊ जणी, दोन पुरुष.
पोरगी सान्तियागोहून आलेली, समुद्राला नवी,
अजून वाक्यं वहीत बघून बोलते.
म्हातारा क्लोदोमिरो बोळक्या तोंडानं हसला:
"पोरी, तीच तर पायाखालून सरकली होती."

मग कुणीच काही बोललं नाही.
बाहेर धक्क्यावर ट्रकमध्ये बर्फ भरत होते.
मारिसेलनं वही मिटली. पाय मात्र वर घेतले नाहीत तिनं,
ते मला आवडलं.

नंतर तिनं मोजायला शिकवलं.
पाच गोष्टी दिसणाऱ्या, चार हाताला लागणाऱ्या,
तीन आवाज, दोन वास, जिभेवर एक चव.
मी घरी करून पाहते, रात्री साडेतीनच्या आसपास,
जेव्हा खालून कारखान्याचा ट्रक जातो
आणि माझी बोटं आधीच चादरीत रुतलेली असतात.

पाच: खिडकी. येर्कोचे फुटबॉलचे बूट, चिखलाने भरलेले.
नाही, चिखल नको.
खिडकी. नुसते बूट. खुंटीवरचा रेनकोट. घड्याळ.
पाचवी मीच, आरशात, केस पिंजारलेली, पण आहे.
चार: चादर. भिंत. माझंच कोपर.
चौथ्याला मी नेहमी अडते.
चौथा एक हात होता, लोकरीच्या ओल्या बाहीतला.
तो यादीत येतो, आणि सुटतो.

वासाचं तर विचारूच नका.
इथे वारा फिरला की अख्ख्या तुंबेसला एकच वास,
तेल, शेवाळ, माशांचं पीठ,
आणि मी पुन्हा त्या गल्लीत
जिथून कुणाचा तरी फ्रिज उभाच्या उभा तरंगत गेला,
दारावर शाळेचं वेळापत्रक तसंच चिकटलेलं.
हे मी मारिसेलला सांगितलं. तिनं वहीत पाहिलं नाही.
म्हणाली, "मग तुमचा वास तुम्ही निवडा."
म्हणून एप्रनच्या खिशात बोल्दोची पानं असतात.
शिंपले सोलता सोलता एखादं चुरगळते.
कडू, हिरवा, डोंगराकडचा वास.
समुद्राला त्याची नक्कल जमत नाही.

आणि ग्लास. तो माझा शोध, कुठल्या वहीतला नाही.
झोपताना उशाशी काठोकाठ भरून ठेवते.
खाट हलतेय असं वाटलं की आधी दिवा, मग पाणी.
पाणी स्तब्ध असेल तर हलतेय ती मी.
मग मी मला सांगते: ही तू आहेस, एडुविना, गाव नाही.
किती रात्री अशा! पाणी काचेसारखं आणि मी पानासारखी.
एकदा येर्को तहान लागली म्हणून ते पिऊन गेला.
इतकी ओरडले त्याला, की दोघंही रडलो.
दुसऱ्या दिवसापासून तो शेजारी स्वतःचा ग्लास ठेवतो.

परवा पहाटे पाणी हललं.
आधी एक बारीक वर्तुळ, मग काठ ओलांडून टेबलावर.
खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.
या वेळी मी नव्हते.
बूट, रेनकोट, येर्कोचा दंड, खिशात पानं.
जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरले, चौदा.
क्लोदोमिरोचं दार ठोठावलं तर म्हातारा टोपी घालून तयारच.

टेकडीवर निम्मं गाव, कुत्री, दोन रेडिओ एकाच वेळी.
एका दगडावर मारिसेल, झोपेच्या कपड्यांत,
ओठ पांढरे, वही विसरून आलेली.
"चार सांग," मी म्हटलं, "हाताला लागणाऱ्या."
दगड म्हणाली. गवत म्हणाली. जॅकेटची झिप.
चौथ्याला अडली.
मी हात पुढे केला.

समुद्र आला नाही.
उजाडल्यावर उतरलो, मी टेबल पुसलं,
माझा ग्लास रिकामाच होता जवळजवळ,
येर्कोच्या ग्लासात अर्धं उरलं होतं.
विचारून प्यायले.
कोमट. नळाची, किंचित लोखंडी चव.